पाणसळ

उम्म अल कुवैनच्या जुन्या गढीत,
आता जिथे संग्रहालय आहे,
भिंतीला खिळे ठोकायचं काम माझं.
प्रवाळाच्या दगडाची भिंत ही.
जोरात ठोकलं तर शिंपल्याचा चुरा गळतो,
हळू ठोकलं तर भिंत
नुसतं ऐकून घेते.

एकवीस फोटो, सगळे शमसाने काढलेले.
प्रत्येकात एक क्षितिज.
तिची अट एकच:
चौकटी वरखाली झाल्या तरी चालतील,
समुद्र व्हायला नको.

मी पाणसळ लावतो, बुडबुडा मधोमध आणतो.
ती लांबून एक डोळा मिटून बघते,
म्हणते, अजून केसभर.
त्या केसभरात अर्धी दुपार जाते.

सहावा फोटो ओहोटीच्या खाडीचा.
कुर्म, ती झाडाकडे बोट दाखवते.
तिवर, मी म्हणतो.
तेच झाड, चिखलातून नाकं वर काढून
श्वास घेणारी तीच मुळं.
बाणकोटला आम्ही त्यांना होडी बांधायचो,
नाव विचारायची वेळ
कधी आली नव्हती.

चौदाव्याखाली लिहिलंय:
निर्मनुष्य किनारा, पहाट.

हा किनारा माझ्या ओळखीचा.
डाव्या कडेच्या बाहेर,
चौकटीपासून चार बोटांवर,
सत्त्याण्णव साली आमचा कॅम्प होता.
खोलीत अकरा जण, नळ तीन.
याच असल्या उजेडात
खांद्यावर टॉवेल टाकून आम्ही रांगेत उभे असायचो
आणि दाभोळचा गफूर सोलकर
दात घासता घासता समुद्राकडे बघून म्हणायचा,
पलीकडे आपलंच गाव आहे रे,
मध्ये फक्त पाणी.
पलीकडे इराण होता.
त्याला कुणी सांगितलं नाही.

फोटो खोटा नाही. कॅमेरा जिथे संपला तिथे संपला.
पण मागचा कागद चिकटवायच्या आधी
सुताराच्या पेन्सिलीने मी पुठ्ठ्यावर
अकरा नावं लिहिली, एकाखाली एक.
शमसाने वाकून पाहिलं.
हे काय, माप?
हो, म्हटलं,
माप आहे.

अंगणात वेगळाच कारभार.
म्हातारा बू सैफ गॅल्व्हनाइज्ड तारेचं गरगूर विणतोय,
मासे धरायचं, पण खोलीएवढं,
आणि गावाने येऊन त्याला चिंध्या बांधायच्या.
शाळेची पोरं रिबिनी बांधून गेली.
पेशावरच्या न्हाव्याने टॉवेलची किनार दिली,
किराणावाल्या कुट्टीच्या बायकोने जरीचा काठ,
तिकीट देणाऱ्या मारिसेलने
बाळाचा एक मोजा. बाळ मनिलात, आता नववीत.
मी जुन्या डांगरीचा खिसा उसवून बांधला.
आत भुसा होता, तो राहू दिला.

बू सैफ म्हणाला, याचं तोंड रुंद असतं.
मासा सहज आत येतो.
बाहेर जायला तेच तोंड, पण त्याला ते सापडत नाही.
मी म्हटलं, मला अठ्ठावीस वर्षं झाली.
तो हसला नाही.
तारेला पीळ दिला, पक्कड पुढे सरकवली:
धर जरा हे टोक.

उद्घाटन झालं. खजूर वाटले, कॉफी वाटली.
लोक चौदाव्यापुढे सगळ्यात जास्त थांबतात,
किती शांत आहे, म्हणतात.

एक गोष्ट मात्र कळत नाही.
वीस फोटो जागच्या जागी राहतात,
चौदावा रात्रीतून डावीकडे कलतो.
खिळा पक्का आहे, दोरी नवी, मी दोनदा पाहिली.
सकाळी दार उघडायच्या आधी
मी पाणसळ घेऊन जातो
आणि समुद्र सरळ करतो.