राखीव नमुना

मुसळगावच्या शेडला पहाटे साडेचारला पहिला टँकर लागतो,
तेव्हा मी रजिस्टरात तारीख टाकून बसलेला असतो.
दुबेरे, ठाणगाव, वडांगळी, पाथरे,
चौदा गावांचं दूध एका नळीतून आत येतं
आणि आल्या आल्या आपलं गाव विसरतं.
मग ते फक्त फॅट, एसएनएफ आणि तापमान.

माझं काम त्याच्या पुढचं. घाऊक.
भुकटीची पंचवीस किलोची पोती,
तुपाचे पंधरा किलोचे डबे,
आणि खोक्यातलं वीस किलोचं गोठलेलं लोणी,
जे उचलताना इसाकभाई दर वेळी म्हणतो,
"धोंडा परवडला. त्याला घाम तरी येत नाही."

पाडव्याच्या आधी चक्का जातो, अठरा टन.
रविवार कारंज्याचे हलवाई फोनवर असा भाव पाडतात
जसा काही चक्का त्यांच्याच फडक्यात टांगलाय.
विक्रीचा घुगे थर्माकोलच्या पेटीत वाट्या घेऊन
सिडकोपासून पंचवटीपर्यंत हिंडतो.
"आधी चाखा" हे त्याचं पहिलं वाक्य,
"उधारी बंद" हे शेवटचं,
मधली सगळी वाक्यं उधारीचीच.

अंबडच्या बिस्किटवाल्यांना भुकटी लागते.
त्यांचा खरेदीवाला पोरगेला, इस्त्रीचा.
चिमूटभर जिभेवर घेतो, चिमूटभर कोमट पाण्यात टाकतो,
गुठळी होते का पाहतो.
गुठळी होत नाही.
तरी म्हणतो, बाहेरून दोनशे सहानं येतेय.
आमचे साहेब दोनशे चौदावरून दहावर आले,
चहा आला, आठवर आले.
बिल मी केलं.
दुपारी केंद्रांना परिपत्रक गेलं,
'उद्या सकाळपासून लिटरमागे एक रुपया कमी.'
तेही मीच टाइप केलं, त्याच संगणकावर,
त्याच फॉन्टमध्ये.
मधे फक्त जेवणाची सुट्टी होती.

गोदामामागे एक खोली आहे, तिची चावी माझ्याकडे.
प्रत्येक लॉटचं एक छोटं पाकीट तिथं राखून ठेवतात,
कुणाची तक्रार आलीच तर काढून दाखवायला.
तक्रारी येतात त्या पोत्यांच्या शिवणीच्या,
ट्रक मोहदरी घाटात अडकल्याच्या.
दुधाबद्दल सहसा कुणी काही विचारत नाही.

लॉट एकशे सात.
त्या दिवशी वडांगळीचा केंद्रचालक आजारी,
म्हणून काट्यावर मी होतो.
पार्वता सांगळे आली. तीन लिटर आठशे.
रांगेतल्या बाया बाजूला सरकल्या.
आदल्या दुपारीच तिच्या नवऱ्याला पोचवून आलो होतो सगळे.
मागून कुणीतरी पुटपुटलं, बाई, दहा दिवस तरी.
ती म्हणाली, "गाईला कुठलं सुतक?
सड तटतटले की ती हंबरणारच."
मी फॅट लावली. चार पॉइंट एक.
पावती तिनं कनवटीला न लावता आधी वाचली,
सभासदाच्या नावावर बोट ठेवलं,
म्हणाली, "हे नाव राहू द्या अजून थोडे दिवस."

ते दूध टँकरमध्ये गेलं, टँकर टाकीत,
टाकी मनोऱ्यात, मनोऱ्यातून पांढरी धूळ उतरली,
आणि चारशे पोती अंबडला गेली.
कुठल्या बिस्किटात पार्वताबाईची सकाळ आहे,
हे कुठलंच मशीन सांगणार नाही.

काल एकशे सातची मुदत संपली.
नियम असा की नमुना नष्ट करायचा आणि सही करायची.
मी पाकीट फोडलं. गुठळी नव्हती.
इसाकभाईनं स्टोव्हवर आधण ठेवलंच होतं.
दोन कप झाला, बशीत ओतून आम्ही प्यायलो.
तो म्हणाला, "साखर जरा जास्तच पडली."
मी काही बोललो नाही.

रजिस्टरात शेवटी एक रकाना असतो,
नष्ट करण्याची पद्धत.
मी लिहिलं, विरघळवून.
गरम पाण्यात.