यादीतली कोरी ओळ

तोरुन आइकेलान पुढच्या शुक्रवारी निवृत्त होणार,
म्हणून तिच्या शोधनिबंधांची यादी
नीट लावून द्यायचं काम माझ्याकडे आलंय.
स्ताव्हांगर विद्यापीठ, ग्रंथालयाचा तळमजला,
माझं टेबल, कॉफीचा थर्मास आणि एकसष्ट नोंदी.

आडनाव आधी, मग वर्ष, मग शीर्षक,
नियतकालिकाचं नाव तिरकं, पृष्ठांक शेवटी.
स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला
की यंत्र लाल रेघ ओढतं.
माणसं इकडची तिकडे झाली
तेव्हा कुणी ओढली नव्हती.

'रात्रपाळी आणि झोप.'
'वरिष्ठांचा आधार आणि थकवा.'
'थकवा: एक पुनर्विचार.'
पुनर्विचाराचा पुनर्विचार असं काही नाही,
पण दोन हजार दहाच्या आसपास
ती तिथवर पोचली असावी.
सहलेखक वाढत जातात, शीर्षकं लांबत जातात,
'थकवा' जाऊन 'स्वास्थ्य' येतं,
'कामगार' जाऊन 'मनुष्यबळ'.

चौथी नोंद, एकोणीसशे शहाण्णव.
ही माझी.
म्हणजे माझं नाव नाही तिच्यात.
मी तिसऱ्या तक्त्यात आहे, दुसऱ्या रकान्यात,
वय पंचवीस ते चौतीस, अविवाहित, खोदकाम विभाग,
'मध्यम ताण',
एकशे बारा जणांत कुठेतरी.

हेलिकॉप्टरने टपाल आलं त्या दिवशी
रिगवर जेवायला उकडलेला कॉड होता.
खोलीत वरच्या बंकवर ब्यार्ते, खालच्यावर मी.
अठ्ठेचाळीस प्रश्न. त्यातला सतरावा:
'गेल्या दोन आठवड्यांत, आपण नसलो तरी
कुणाचं काही अडणार नाही, असं वाटलं का?'
कधीच नाही. क्वचित. कधीकधी. नेहमी.
मी 'क्वचित'वर फुली मारली.
पेन घामेजलेल्या बोटांत होतं,
पुढच्या चौकटीपर्यंत ते सरकलंच नाही.

ब्यार्तेने त्याची प्रश्नावली चौघडी करून
डुगडुगत्या स्टुलाच्या पायाखाली सारली.
"आता नाही हलायचं," म्हणाला.
आणि खरंच हललं नाही ते,
तो होता तोवर,
तो गेल्यावरही.

निबंधाच्या शेवटून दुसऱ्या पानावर, तळटीपेत:
'प्राप्त न झालेल्या प्रश्नावल्या: ३८.'
त्यातल्या सदतीस मला माहीत नाहीत.

यादी खाली सरकते. नव्व्याण्णव,
मग एकदम दोन हजार दोन.
मधलं काही सुटलंय का विचारायला वर गेलो.
तोरुन खोकी बांधत होती.
"नाही. तेवढंच आहे."
चिकटपट्टी तिने दातांनी तोडली,
मग पाठमोरी राहूनच म्हणाली,
"तेव्हा मी झोपून होते."
झोपेवर सात निबंध लिहिलेली बाई.

सतरावा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता.
ब्यार्तेचं नावही.
मी विचारलं, खोकी गाडीपर्यंत नेऊ का?

दोघांनी मिळून नेली. एक फारच जड निघालं.
"काय आहे यात?"
"उरलेल्या प्रश्नावल्या. कोऱ्या.
टाकवत नाहीत."
डिकी दोनदा आपटावी लागली तेव्हा लागली.
तिने हातमोजे चढवले, एक काढला,
हात पुढे केला, आणि माझं नाव
पहिल्यांदाच अचूक उच्चारलं.

खाली येऊन मी नव्व्याण्णव आणि दोन हजार दोनच्या मध्ये
एक ओळ कोरी सोडली.
यंत्राने मिटवली.
पुन्हा सोडली. पुन्हा मिटवली.
नोव्हेंबर आहे, बाहेर साडेचारलाच अंधारलंय,
थर्मासमध्ये कॉफीचा तळ तेवढा उरलाय.
बोट अजून त्याच बटणावर आहे.