डिक्कीतला आवाज

गाडीत बसली की प्रमिला आधी पट्टा लावायची,
मग कानातलं मशीन काढून
पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायची.
टायरची घरघर म्हणे त्यातून
गिरणीसारखी येते,
आणि तुमचं बोलणं भरडलं जातं त्यात.

सातपूरला प्रेसशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली मी.
पत्रा का वाजतो, मला शिकवायला नको.
मोकळा असला की बडबडतो.
अंगावर वजन चिकटवा, गप्प बसतो.

अंबड लिंक रोडला मुश्ताकच्या शेडमध्ये
सीटा निघाल्या, गालिचा निघाला.
खाली दोन रुपयांचं नाणं, दगड झालेला मनुका,
तिच्या मशीनचा डाळीएवढा सेल
(दोन दिवस शोधत होतो घरभर).
मुश्ताक दारावर टकटक करायचा,
कलिंगड घेताना करतात तशी.
‘काका, इथं पोकळ आहे.’
मग काळा चिकट तक्ता, गरम हवा, रोलर.
चाकांच्या कमानींना दोन थर.
दारांना नवं रबर.
‘पूर्ण शांत नाही होणार हां,
रस्ता आहे शेवटी.’

रविवारी सिन्नरला निघालो, तिच्या बहिणीकडे.
द्वारका गेली, नाशिकरोड गेलं.
मशीन कानातच.
शिंद्याच्या टोलला मी सवयीनं पुटपुटलो,
‘आता ही सुलभा पुन्हा फ्लॅटचं काढणार.’
‘काढू दे की,’
प्रमिला म्हणाली, खिडकीबाहेर बघत.

स्टिअरिंग घट्ट धरलं मी.
चार वर्षं याच रस्त्यावर
काय काय बोललो असेन तिच्या शेजारी बसून!
पतसंस्थेत बुडालेले पैसे, तिला न सांगितलेले.
बेसूर गाणी.
आणि एकदा मोहदरीच्या घाटात,
तू आधी गेलीस तर मला
कुकरसुद्धा लावता येत नाही, असलं काहीतरी.
सगळं चाकांनी खाल्लं.
बरं झालं, की वाईट,
ठरवता आलं नाही अजून.

‘हे टिकटिक काय?’
‘इंडिकेटर.’
‘रोज वाजतं?’
‘रोज.’

घाट लागला. तिसरा गिअर टाकला.
इतकी शांतता, की तिच्या बांगड्या
पट्ट्याच्या बक्कलवर घासताना ऐकू येत होत्या.
मी तोंड उघडलं, मिटलं.
‘बोला की,’ ती म्हणाली, ‘चालू आहे.’

म्हटलं, डिक्कीतून अजून
थोडा आवाज येतोय.
मुश्ताकला सांगायला हवं.