आढळले नाही

टालिनच्या प्रयोगशाळेत क्यूल्ली
डब्याचे चौकोनी तुकडे कापते,
तीन टक्के अॅसिटिक आम्लात बुडवते.
हे आम्ल म्हणजे लोणचं, असं नियम मानतो.
तिला अजून हसू येतं.

दहा दिवस, चाळीस अंश.
खिडकीबाहेर उणे अठरा.

अन्न टिकावं म्हणून प्लास्टिकात चांदी मुरवलेली,
इतकी बारीक, की केसाच्या रुंदीत
हजारो कण मांडीला मांडी लावून बसतील.
पाणी कुठं मुरतंय हेच तर शोधायचं :
किती चांदी बाहेर आली,
आणि आली ती कण म्हणून, की विरघळून?
पहिल्याचं उत्तर यंत्र देतं.
दुसऱ्याला अडखळतं.

अकराव्या दिवशी ती लिहिते : आढळले नाही.
नुसतं ‘नाही’ लिहायला तक्त्यात रकाना नाही.

शनिवारी आई आंबवलेला कोबी देते
आइसक्रीमच्या जुन्या डब्यात,
झाकणाला चीर, घासून घासून आतून पांढुरका.
‘कसलं प्लास्टिक गं हे?’
‘निळं,’ व्हीवे म्हणते.

क्यूल्ली उभ्यानंच दोन घास खाते.
आंबट, गार, अगदी जमलेला.
उरलेला काचेच्या बरणीत काढते
आणि डबा धुऊन ठेवते.
परत न्यायला हवा;
आई डबे मोजते.