खुंट

पाळकसाहेब दर रविवारी आम्हाला एकेक नातं देतात.
मणेराजुरीचं पत्र्याचं चर्च,
सतरा माणसं, एक पेटी, तिचा एक सूर बंद.

एकदा म्हणाले, तो मेंढपाळ, आपण मेंढरं.
मी खिडकीतून बघत होतो :
जतकडचा धनगर बांधाला कळप बसवून
जमदाडे अण्णांशी लेंडीखताचा भाव करत होता.
त्याला एकूणएक मेंढरू ओळखू येतं, हे खरं.
लंगडं कोकरू तो खांद्यावर घेतो, हेही खरं.
आणि बाजाराच्या दिवशी
त्याच खांद्यावरून खाली उतरवतो.
मी काही बोललो नाही.

एकदा म्हणाले, मंडळी ही नवरी, तो नवरा.
पुढच्या बाकावर सलोमी होती, माझी बहीण,
कुपवाडहून दोन पिशव्या घेऊन परत आलेली.
तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं,
सोडलं, पुन्हा गुंडाळलं.
घरी येताना एवढंच म्हणाली,
"दिव्यात तेल घालून बसायचं ना? बसेन की.
दाराशी ताटकळायची सवय आहे मला."

एकदा म्हणाले, तो मस्तक, आपण अवयव.
तेव्हा आई मिरजेच्या दवाखान्यात,
साखरेनं डावा पाय गुडघ्याखालून गेलेला.
रात्री नसलेला अंगठा खाजायचा तिचा,
आणि ती मला चादरीवरची रिकामी जागा
खाजवायला लावायची.
मी खाजवायचो.
तिला बरं वाटायचं.
हे मात्र मला पटलं :
तोडलेल्याचीही कळ वर पोचते.

मग वेलीचं आणि फाट्याचं निघालं
तसा मी बाकावर सरळ झालो.
सव्वीस वर्षं द्राक्षाची कलमं बांधतोय, साहेब,
आता मला विचारा.

आमच्या मातीत गोड वेल
स्वतःच्या मुळावर जगत नाही.
बोअरचं पाणी मचूळ, खाली चुनखड.
म्हणून आधी रानटी खुंट लावायचा, डॉगरीज.
त्याचं फळ कुणी तोंडात धरत नाही.
खोक्यावर सोनाका छापतात, थॉमसन छापतात;
खुंटाचं नाव छापलेलं
मी तरी बघितलं नाही.
तो वाढतो, तरारतो, बांबूला लागतो,
आणि भाद्रपदात आम्ही त्याचा शेंडा उडवतो.
उरल्या हातभर अंगात उभी चीर, मधोमध.
त्या चिरेत, पाचरीसारखी तासून, परकी काडी.
साल सालीला, ओल ओलीला.
वर पट्टी, घट्ट.

त्यानंतर खाली जे खारट असेल ते तो पितो.
काडीला पत्ताही नसतो.
तिला वाटतं, पाणी गोडच असतं.

बुडातून त्याला स्वतःचा फुटवा आला
तर तोही आम्ही अंगठ्यानं खुडतो.
आणि पुढं मांडवाला जे लोंबतं
ते काडीच्या जातीचं, काडीच्या नावाचं.
साहेब, तुम्ही म्हणालात, त्याच्यात राहा.
मी राहतोय.
पण मुळं त्याची आणि घड माझा,
हा हिशेब मला झोपू देत नाही.

शनिवारी रात्री मार्था
प्रभुभोजनासाठी मूठभर काळे बेदाणे भिजत घालते.
सकाळी पातेल्यात रंग उतरलेला असतो.
माझी पाळी येते.
प्याला ओठाला लावताना, कुणाला न सांगता,
मी जिभेच्या टोकानं बघतो,
कुठं खारट लागतंय का.

नाही लागत.
दर वेळी गोडच लागतं,
आणि मान खाली जाते.

उद्या साडेपाचला टेम्पो आहे.
चाकूला धार लावायची राहिलीय.
अण्णांच्या नव्या दोन एकरांत खुंट उभे आहेत,
शेंड्याला कोवळी, तांबूस पानं,
वाऱ्यावर हलतायत.