सहा किलो नऊशे

डॉक्टर शैजा म्हणाल्या, हाडं विरळ होतायत.
भार दिला नाही तर विसरतात ती
आपण कशासाठी आहोत ते.

म्हणून हे जाकीट, काळं, वाळूच्या पुड्यांचं.
घालण्याआधी टांगलं
बॅगा तोलायच्या काट्यावर:
सहा किलो नऊशे.
केबिनमध्ये चाललं असतं, मनात आलं.
एकवीस वर्षं तोलतेच आहे,
इकडे येताना भाजणी, तिकडे जाताना खजूर,
आणि काउंटरसमोर फरशीवर बसून
सगळ्यांदेखत उपसलेली बॅग.

पहाटे पाचला मत्रहच्या किनाऱ्यावर
गाडीतून उतरताच चष्मा धुरकटतो.
पुसत नाही.
दोन मिनिटं समुद्र नुसता वासाचा.

मासळीबाजारापाशी हमूद कुपा उतरवतोय,
खांद्यावर एक, शेपटी कमरेखाली लोंबणारी.
रोज बघतो. आज विचारलंच त्याने
त्याच्या मोडक्या हिंदीत, आत काय?
वाळू.
त्याने मागच्या उघड्याबोडक्या डोंगरांकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
वाळू? विकत? इथे?
बारा रियाल, म्हटलं.
इतका हसला की मासा निसटता निसटता राहिला.
मीही हसले. पट्टा छातीवर घट्ट,
अर्धं हसू आतच राहिलं.

घरी वेल्क्रो खर्रकन उघडते
आणि खांदे आपले आपण वर जातात,
कुणी बोलावल्यासारखे.
ओट्याची कड धरून थांबते जरा.
जाकीट खुर्चीच्या पाठीवर टाकते,
खुर्ची मागे कलंडते.

तिला सवय नाही अजून.