शिल्लक

साडेसहा किलोची टर्की.
फ्रीजचा मधला कप्पा काढून कशीबशी निजवली.
सहा जणांच्या हिशेबानं मागवली होती,
चौघं टोरांटोतच राहिले.

उरलो मी आणि अन्सेल्म.
कोलबाडच्या बेकरीवाल्यानं भट्टीत भाजून दिली,
म्हणाला, काकी, कोंबडा आहे की कोकरू?

नाताळला छातीचे चार काप. बस्स.
दुसऱ्या दिवशी बाटली मसाला, बटाटे, रस्सा जरा सढळ.
तिसऱ्या दिवशी फुग्यांत भरून.
मग कटलेट, त्यातले तीन
वरच्या मजल्यावरचे पाध्ये उभ्याउभ्या खाऊन गेले,
घरी बोलू नका म्हणाले.
पुलाव. व्हिनेगरातलं लोणचं.
हाडं सकाळपासून मंद आचेवर,
त्या पाण्यात मऊ भात, अन्सेल्मच्या खोकल्याला.
"अजून आहेच का ती?" तो रोज विचारी,
परतीचं तिकीट न काढलेल्या पाहुणीबद्दल विचारावं तसं.

एक तंगडी मात्र फॉइलमध्ये गुंडाळून
वर पेनानं लिहिलं होतं: इग्नी.
बर्फ काढायला गेलं की हाताला लागायची.

फेब्रुवारीत गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला.
रात्रभर वीज नाही.
पहाटे फॉइल ओलं, शाई माझ्या बोटांवर.
एकदा सुटलेलं पुन्हा गोठवू नये,
आई सांगायची, मासळीबद्दल.

मेणबत्तीच्या उजेडात तव्यावर परतली.
अर्धी त्याला, अर्धी मला.
अन्सेल्म बराच वेळ हाड चोखत बसला,
मग म्हणाला, मीठ कमी झालंय.

झालं नव्हतं.
मी बरणी पुढे सरकवली.